मुंबईतल्या फॅमिली डॉक्टरांना खुले पत्र : टेन्शनची गोळी सुरू करताना ती बंद कशी करायची तेही लिहा

मुंबईतल्या सर्व फॅमिली डॉक्टरांना,

सप्रेम नमस्कार.

मी लालबागमध्ये मेडिकल चालवते. रजिस्टर्ड फार्मासिस्ट आहे. तुमच्यातल्या अनेकांना मी कधी भेटलेले नाही, पण अक्षरावरून ओळखते. तुमची चिठ्ठी घेऊन पेशंट काउंटरवर येतो, तेव्हा दवाखान्यात जे विचारायचं राहून गेलं ते तो मला विचारतो. त्या प्रश्नांमुळेच हे पत्र लिहिते आहे.

विषय आहे अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड आणि त्यांच्याच जातीतल्या एटिझोलामचा. धडधड, घाबरेपणा, सततची चिंता, उडालेली झोप यांसाठी तुम्ही या गोळ्या लिहून देता. माझी विनंती एवढीच आहे की यांतली कुठलीही गोळी पहिल्यांदा लिहाल, त्याच चिठ्ठीवर ती किती दिवस घ्यायची आणि कशी बंद करायची हेही लिहा. हे तुमच्याशिवाय दुसरं कोणी करू शकत नाही. का करू शकत नाही, ते जरा सविस्तर सांगते.

त्याआधी एक गैरसमज नको. या औषधांच्या मी विरोधात नाही. पॅनिक अटॅक आलेल्या माणसाला अर्ध्या-पाऊण तासात श्वास परत मिळालेला मी पाहिला आहे. तरुण मुलगा गेलेल्या आईला पहिली रात्र काढायला या गोळीने मदत केलेलीही पाहिली आहे. थांबत नसलेली फिट थांबवायला, दारू सोडताना येणारा झटका टाळायला ही औषधं लागतातच. १९६० मध्ये क्लोरडायझेपॉक्साइड बाजारात आलं, १९६३ मध्ये डायझेपाम आलं. त्याआधी चिंतेसाठी बार्बिट्युरेट्स दिली जात. ती थोडी जास्त झाली तरी माणूस दगावायचा. त्या मानाने ही नवी औषधं कितीतरी सुरक्षित होती आणि म्हणूनच ती जगभर पसरली. आपल्याकडच्या मागच्या पिढीला काम्पोज हे डायझेपामचं दुकानातलं नाव क्रोसिनइतकंच ओळखीचं होतं. औषध चांगलं आहे, वेळेला उपयोगी आहे. अडचण आहे ती किती दिवस घेतलं जातं याची आणि सगळ्या गोळ्यांना एकाच मापाने मोजण्याची.

काउंटरवर या सगळ्यांना दोनच नावं आहेत, झोपेची गोळी किंवा टेन्शनची गोळी. एक मिळाली नाही तर दुसरी चालेल, असं लोक गृहीत धरतात. मेंदूवरचं काम सगळ्यांचं एकाच जातीचं आहे हे खरं. मेंदूत गाबा नावाचं एक रसायन असतं, ते पेशींना शांत करतं, आणि या गोळ्या त्याचा जोर वाढवतात. पण गोळी किती लवकर चढते, किती वेळ टिकते, शरीरातून कशी बाहेर पडते आणि एका मिलिग्रॅममध्ये किती जोर आहे, या चारही बाबतींत त्या एकमेकींपासून फार वेगळ्या आहेत. पेशंटला पुढे होणारा त्रास बहुतेक वेळा या फरकातूनच येतो.

अल्प्राझोलामचं घ्या. माझ्या दुकानात या गटातली सर्वांत जास्त मागितली जाते ती हीच. तासा-दोन तासांत तिचा पूर्ण परिणाम दिसतो, आणि रक्तातलं प्रमाण साधारण अकरा-बारा तासांत निम्म्यावर येतं, म्हाताऱ्या माणसांत थोडं जास्त वेळाने. म्हणजे रात्री दहाला घेतलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुपारनंतर ओसरायला लागते. रोज घेणाऱ्याला मग संध्याकाळी पाच-सहाच्या सुमाराला अस्वस्थ वाटतं, छातीत धडधडतं, कशातच मन लागत नाही. तो समजतो आजार वाढला. तुमच्याकडे येतो, तुम्ही सकाळचीही एक गोळी लिहिता, दोन दिवस बरं वाटतं. खरं तर अनेकदा तो आजार नसतो, गोळी उतरल्याची ती लक्षणं असतात. "मॅडम, माझं टेन्शन संध्याकाळीच का वाढतं?" असं विचारणाऱ्या पेशंटची चिठ्ठी मी उलटून पाहते तेव्हा त्यावर बहुतेक वेळा रात्रीची अल्प्राझोलाम असते.

क्लोनाझेपाम याच्या उलट. तिचं प्रमाण निम्म्यावर यायला तीस-चाळीस तास लागतात. त्यामुळे चढउतार कमी जाणवतात. पण आजची गोळी पूर्ण उतरायच्या आत उद्याची पोटात जाते, आणि आठवडाभर ती शरीरात साठत राहते. तुम्ही पेशंटला तीन दिवसांनी बोलावता, तो ठणठणीत असतो. गुंगी दिसते ती दुसऱ्या आठवड्यात. तोवर घरच्यांच्या डोक्यातून गोळीचा विषय गेलेला असतो. आजी सकाळी अडखळतात, बोलताना शब्द विसरतात, आणि घरातले म्हणतात, आता वयच झालं. तरुणांचंही तेच. सकाळी सातची लोकल पकडून दाराशी उभा राहणारा माणूस रात्री अकराला क्लोनाझेपाम घेतो, तेव्हा ती सकाळी सातला त्याच्या अंगात बरीचशी शिल्लक असते. हे त्याला कोणीतरी सांगायला हवं.

लोराझेपामचं प्रमाण दहा ते वीस तासांत निम्म्यावर येतं. तिचं वैशिष्ट्य वेगळं आहे. यकृतात तिच्यापासून दुसरं कुठलंही परिणाम करणारं रसायन तयार होत नाही, ती सरळ बाहेर टाकण्याजोगी होते. म्हणून यकृत खराब झालेल्या माणसाला या गटातलं औषध द्यायचंच असेल तर लोराझेपाम किंवा ऑक्झाझेपाम निवडतात. डायझेपामचं नेमकं उलटं. ती चढते पटकन, पण तिच्यापासून यकृतात जे रसायन बनतं ते शंभर तासांपर्यंतही रेंगाळतं, वयस्कर माणसात त्याहूनही जास्त. सत्तरीच्या माणसाला रोज डायझेपाम देणं त्यामुळे धोक्याचं. पण हाच रेंगाळण्याचा गुण औषध सोडवताना कामी येतो. छोट्या पल्ल्याच्या गोळीवर अडकलेल्या पेशंटला हळूहळू डायझेपामवर आणून मग मात्रा उतरवतात, ते याचसाठी.

एटिझोलामबद्दल वेगळं सांगावं लागेल, कारण "ही हलकी आहे, हिची सवय लागत नाही" असं पेशंट मला ठामपणे सांगतात. रासायनिकदृष्ट्या ती बेंझोडायझेपिनची, म्हणजे वरच्या बाकी गोळ्यांच्या गटाची, चुलत बहीण. काम तेच, सवय तशीच. रक्तातलं प्रमाण तीन-चार तासांत निम्म्यावर येतं, म्हणजे अल्प्राझोलामपेक्षाही लवकर उतरते. २०२० मध्ये तिला आंतरराष्ट्रीय करारातल्या नियंत्रित औषधांच्या यादीत घातलं गेलं. हलकी असती तर ती वेळ आली नसती.

आता पॉवरचं. आपल्याकडे लोक गोळीची ताकद आकड्यावर ठरवतात. "पॉइंट फाइव्हचीच तर आहे हो, एवढीशी गोळी काय करणार?" हे वाक्य मी रोज ऐकते. दहा मिलिग्रॅमची काम्पोज म्हटलं की तोच माणूस दचकतो. प्रत्यक्षात अर्धा मिलिग्रॅम अल्प्राझोलाम, अर्धा मिलिग्रॅम क्लोनाझेपाम, एक मिलिग्रॅम लोराझेपाम, दहा मिलिग्रॅम डायझेपाम आणि पंचवीस मिलिग्रॅम क्लोरडायझेपॉक्साइड ही मात्रा ढोबळमानाने सारखीच धरली जाते. म्हणजे दिवसातून दोनदा अर्धा मिलिग्रॅम अल्प्राझोलाम घेणारे काका रोज वीस मिलिग्रॅम डायझेपाम घेतल्यासारखं औषध पोटात घालतात. वीस मिलिग्रॅम डायझेपाम रोज, वर्षानुवर्षं, असं तुम्ही स्वतःच्या हाताने लिहिलं असतं का? ०.५ लिहिताना हात अडखळत नाही, कारण आकडा छोटा दिसतो.

यांतली चिंतेसाठी सर्वांत चांगली कुठली, असं मला पेशंट विचारतात. माझं उत्तर, रोज आणि महिनोन्महिने घ्यायला एकही नाही. आणि हे काही माझं एकटीचं मत नाही. ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने १९८८ मध्येच सांगितलं की तीव्र, माणसाला हतबल करणाऱ्या चिंतेसाठीच ही औषधं द्यावीत आणि तीही दोन ते चार आठवडेच. तिथल्या आजच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सततच्या चिंतेच्या आजारात ती फक्त ऐन संकटाच्या काळात, थोडे दिवस द्यायची असतात. पॅनिकच्या आजारात तर ती देऊच नयेत असं म्हटलं आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये या संपूर्ण गटाच्या माहितीपत्रकावर चौकटीतला सर्वांत कडक इशारा टाकायला लावला. गैरवापर, व्यसन, शरीराला लागणारी सवय आणि सोडताना होणारा त्रास, सगळं त्यात आहे.

चिंतेच्या आजाराचं मुख्य औषध तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन यांसारखी औषधं आणि सोबत समुपदेशन, विशेषतः विचार आणि वागणूक बदलायला शिकवणारी उपचारपद्धती. ही औषधं लागू पडायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि सुरुवातीच्या दिवसांत कधी कधी अस्वस्थता वाढवतातही. तेवढे दिवस निभावून न्यायला म्हणून तुम्ही सोबत क्लोनाझेपाम देता. हे बरोबरच आहे. पण मग एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत घातलेली जोडगोळी लिहिली जाते, आणि इथे गाडी अडकते. एस्सिटालोप्राम निदान काही महिने चालायला हवं. क्लोनाझेपाम काही आठवड्यांत थांबायला हवं. दोन्ही एकाच गोळीत असतील तर एक चालू ठेवून दुसरं कमी कसं करणार? पेशंट ती गोळी दोन-तीन वर्षं घेत राहतो. आणि एक दिवस "आता मला बरं वाटतं" म्हणून अचानक बंद करतो, तेव्हा दोन्ही औषधं एकदम सुटतात. कृपा करून ही दोन औषधं वेगवेगळी लिहा. गोळ्या दोन झाल्या तरी पेशंट घेतो. त्याला कारण सांगितलं तर नक्की घेतो.

दुसरी जोडगोळी पोटाच्या नावाखाली जाते. क्लोरडायझेपॉक्साइड आणि क्लिडिनियम, काहींत डायसायक्लोमीनही. मुरडा, गॅस, जेवल्यावर पोट फुगणं यांसाठी. परवाच एक बाई आल्या, पन्नाशीच्या. रिकामी स्ट्रिप काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, "ताई, गॅसची गोळी संपली." किती दिवस घेताय विचारलं, तर मुलीच्या लग्नापासून. मुलीचा मुलगा आता शाळेत जातो. मी त्यांना स्ट्रिपवरचं लाल चिन्ह दाखवलं, आतलं औषध काय आहे ते सांगितलं. त्या एकदम गंभीर झाल्या. "मी टेन्शनची गोळी आयुष्यात कधी घेतली नाही," म्हणाल्या. त्यांना खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. दोन दिवस गोळी चुकली की हात थरथरतात, झोप येत नाही, हे मात्र त्यांच्या लक्षात आलेलं होतं. ते त्या गॅस डोक्यात चढल्याचं समजत होत्या.

दोन-तीन वर्षांपूर्वी गणपतीत असंच एक प्रकरण झालं. आमच्याच भागातल्या एक आजी मुलाबरोबर संगमेश्वरजवळच्या गावी गेल्या. बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या आठवणीने बरोबर घेतल्या होत्या. अल्प्राझोलामची स्ट्रिप लालबागच्या घरी कपाटावर राहिली. झोपेचीच तर आहे, चार दिवस राहिली तर काय होतं, असं सगळ्यांना वाटलं. दुसऱ्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. तिसऱ्या दिवशी हात इतके थरथरायला लागले की आरतीचं तबक धरवेना. दरदरून घाम, सारखी उठबस, कोणी मोठ्याने बोललं तरी दचकणं. प्रवास सोसला नाही असं एकजण म्हणाला. वाडीतल्या कोणी मीठ-मोहरी घेऊन दृष्टही काढली. मुलाने मला फोन केला तो बीपीची गोळी दुसऱ्या कंपनीची दिली होती म्हणून हे होतंय का, हे विचारायला. मी त्याला विचारलं, "आईंची रात्रीची गोळी चालू आहे ना?" तो क्षणभर गप्प झाला. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता जवळच्या दवाखान्यात न्या आणि गोळीचं नाव नीट सांगा, ते डॉक्टर ओळखतील. त्यांनी ओळखलं. औषध पुन्हा सुरू केलं, आजी सावरल्या. फिट आली नाही हे नशीब. एवढी वर्षं घेतलेली गोळी एकदम तुटली तर तीही येऊ शकते.

ती गोळी सुरू झाली होती आजोबा गेल्यावर. थोडे दिवस घ्या, असं डॉक्टर तोंडी म्हणाले होते, एवढं आजींना आठवतं. चिठ्ठीवर गोळीचं नाव आणि "रात्री १" एवढंच होतं. पुढे त्या डॉक्टरांचा दवाखाना बंद झाला. चिठ्ठी मात्र प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली होती आणि वेगवेगळ्या दुकानांत चालत राहिली.

इथे आमच्या धंद्याचाही दोष आहे आणि तो मी झाकणार नाही. कायदा स्पष्ट आहे. मार्च २०१४ पासून लागू झालेल्या शेड्यूल एच-१ या औषध नियमांतल्या यादीमध्ये अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड, नायट्राझेपाम आणि झोपेची झोल्पिडेमही आहे. ही औषधं विकताना डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं, हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून तीन वर्षं जपायचं. डॉक्टरांनी पुन्हा द्या असं लिहिलं नसेल तर एका चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचं. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीतही हा गट आहे. तरीही जुन्या चिठ्ठीवर, मोबाइलमधल्या फोटोवर, कधी नुसत्या ओळखीवर या गोळ्या दिल्या जातात. जे देतात ते चूक करतात.

पण डॉक्टर, मी नियमाने वागले तरी पेशंटचा प्रश्न सुटत नाही. सात वर्षं रोज गोळी घेणारा माणूस जुनी चिठ्ठी घेऊन माझ्यासमोर उभा आहे. त्याला गोळी दिली तर कायदा मोडतो आणि सवय आणखी घट्ट होते. नाही दिली तर त्याच रात्रीपासून त्याचं औषध एकदम तुटतं, आणि एकदम तोडणं हेच या औषधांच्या बाबतीत सर्वांत धोक्याचं. कायद्याने माझ्या हातात हो आणि नाही एवढंच ठेवलं आहे. "आजपासून थोडी कमी, पंधरा दिवसांनी आणखी थोडी कमी" हे मी माझ्या मनाने सांगू शकत नाही आणि सांगूही नये. ते फक्त तुम्ही लिहू शकता. म्हणून मी अशा पेशंटला तुमच्याकडे परत पाठवते. आणि तो पुष्कळदा तशीच नवी चिठ्ठी घेऊन परत येतो, पुन्हा "रात्री १", पुढे काही नाही.

तुमच्या वेळेची मला कल्पना आहे. संध्याकाळी सात ते दहा दवाखाना, बाहेर बाकावर माणसं, फी वाढवली तर पेशंट कुरकुरतात. रडत आलेल्या बाईशी अर्धा तास बोलायला तुम्हाला फुरसत मिळत नाही, आणि तिला झोप तर आजच हवी आहे. मानसोपचारतज्ज्ञाकडे जा म्हटलं की तिला वाटतं, आपल्याला वेडी ठरवलं. २०२० च्या लॉकडाउनमध्ये तर या गोळ्यांच्या चिठ्ठ्या किती वाढल्या ते मी माझ्या रजिस्टरमध्ये पाहिलं. कामं गेली होती, माणसं गेली होती, लोक दहा बाय दहाच्या खोलीत कोंडलेले होते. तेव्हा गोळी देणं समजण्यासारखं होतं. त्यांतल्या काही गोळ्या अजून चालू आहेत, हे समजण्यासारखं नाही.

आणि या शहरात दुसरी सोय नाही असंही नाही. केईएम, नायर, सायन, जेजे, सगळीकडे मानसोपचाराची ओपीडी आहे, आणि खर्च खाजगीच्या मानाने फारच कमी. ज्याला तिथे जायला संकोच वाटतो त्याला टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर द्या. सरकारी आहे, फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. हा नंबर मी काउंटरवर कागदावर लिहून चिकटवला आहे. तो तुमच्या तोंडून सांगितला गेला तर लोक जास्त मनावर घेतील.

म्हाताऱ्यांबद्दल विशेष कळकळीने लिहिते. वयस्कर माणसांना ही औषधं शक्यतो देऊच नयेत असं वृद्धांवर उपचार करणाऱ्या तज्ज्ञांच्या सूचना सांगतात. तोल जातो, पडतात, हाड मोडतं, स्मरणशक्तीवर परिणाम होतो. आमच्या भागात अजून चाळी आहेत. संडास मजल्याच्या टोकाला. पहाटे चारला उठून, अर्धवट गुंगीत, अंधाऱ्या गॅलरीतून भिंत धरत जायचं, वाटेत कोणाची बादली, कोणाची चप्पल. खुब्याचं हाड मोडलं की ऑपरेशन, मग बिछाना, मग छातीत कफ. मोडलेल्या हाडाची फाइल करताना रात्रीच्या गोळीचा उल्लेख कोणी करत नाही. रात्रीची गोळी लिहिण्याआधी, आजींना रात्री उठून कुठे जावं लागतं, एवढं तरी विचारा.

सोबतच्या औषधांचंही बघा. गजकर्णासाठी सध्या इट्राकोनाझोल फार लिहिलं जातं. मुंबईच्या दमट हवेत नायटा हटत नाही, कोर्स लांबतो. इट्राकोनाझोल यकृतातलं ते विकर अडवतं ज्याने अल्प्राझोलाम मोडते. मग तीच नेहमीची अर्धा मिलिग्रॅम अंगात जास्त साठते आणि जास्त वेळ राहते. या दोन औषधांची जोडी चालत नाही. त्वचेचे डॉक्टर वेगळे, झोपेची गोळी देणारे वेगळे, दोन्ही चिठ्ठ्या एकत्र येतात त्या माझ्या काउंटरवर. मी फोन करते, काही वेळा फोन उचलला जातो. गुडघ्यासाठी ट्रॅमाडॉल किंवा कोडीन असलेलं खोकल्याचं औषध यांच्याबरोबर या गोळ्या गेल्या तर श्वास मंदावू शकतो. दारूबरोबरही तेच. दारू घेता का हे विचारताना घरच्या माणसाला थोडा वेळ बाहेर बसवा, तरच खरं उत्तर मिळतं.

मग नक्की लिहायचं काय? औषधाचं मूळ नाव सुवाच्य अक्षरात. क्लोनाझेपाम, क्लोबाझाम आणि लोराझेपाम घाईच्या अक्षरात एकसारखी दिसतात. दशांशाआधी शून्य, कारण ".5" मधला टिंब पुसला की पाच होतात. किती दिवस, आणि एकूण किती गोळ्या. रोज घ्यायची नसेल, फक्त फार घाबरल्यासारखं झालं तरच घ्यायची असेल, तर ते मराठीत लिहा, "गरज पडली तरच, आठवड्यात इतक्याच". आणि खाली एक ओळ, अमुक तारखेला दाखवायला या, तेव्हा ही गोळी बंद करायची आहे. ही ओळ पेशंटचा मुलगा वाचतो, सून वाचते, मी वाचते. ती असली की मला पुढची स्ट्रिप नाकारायला तुमचाच आधार मिळतो, आणि पेशंटलाही पहिल्या दिवसापासून माहीत असतं की ही गोळी कायमची नाही.

जे आधीच वर्षानुवर्षं घेत आहेत त्यांची गोळी झटक्यात बंद करू नका, ओरडूही नका. हे पत्र वाचणाऱ्या पेशंटनाही हात जोडून सांगते, हे वाचून उद्यापासून स्वतःच्या मनाने गोळी सोडू नका. मात्रा दर दोन ते चार आठवड्यांनी पाच-दहा टक्क्यांनी कमी करायची, त्रास झाला तर त्याच पायरीवर थांबायचं, असं आताचे तज्ज्ञ सांगतात. दहा वर्षांची सवय सुटायला वर्ष लागलं तरी हरकत नाही. हळू सोडली तर बऱ्याच जणांची सुटते. आमच्या त्या गणपतीवाल्या आजींची लालबागच्याच एका तरुण डॉक्टरांनी सोडवली. त्यांनी वहीच्या पानावर तारखा लिहून दिल्या होत्या, सुनेने ते पान फ्रिजला लावलं होतं. मधे एकदा आजी कंटाळल्या, तेव्हा डॉक्टरांनी महिनाभर तीच मात्रा ठेवली आणि मग पुन्हा पुढे नेलं.

असा तक्ता करताना बाजारात काय मिळतं ते हाताशी असू द्या. अल्प्राझोलाम ०.२५, ०.५ आणि १ मिलिग्रॅममध्ये मिळते. क्लोनाझेपाम ०.२५ पासून २ पर्यंत, जिभेवर विरघळणारीही. लोराझेपाम १ आणि २ ची. साधी गोळी अर्धी करता येते, पण एसआर लिहिलेली, हळूहळू सुटणारी गोळी तोडायची नाही आणि चावायचीही नाही. ती चालू असेल तर आधी साध्या गोळीवर आणावं लागतं. ०.२५ ची स्ट्रिप प्रत्येक दुकानात असेलच असं नाही, कारण तिला मागणी कमी आहे. तुमच्या गल्लीतल्या मेडिकलला एक फोन करून सांगा की अमुक पेशंटला पुढचे चार महिने ही लागणार आहे. आम्ही मागवून ठेवतो.

आपली,
लालबागमधली एक फार्मासिस्ट